उद्घाटनाचा गोल

कामरगावाकडच्या त्या शाळेच्या मैदानात दोन गोलपोस्ट होते आणि लग्नसराईत दोन्ही नसत. पाइप चांगला जाड, मंडपाला सोयीचा. संस्थेचे अध्यक्ष जगदेवराव यांच्या नात्यात कुठे लग्न निघालं की नवरदेवाआधी गोलपोस्ट मांडवात हजर. मुलींच्या फुटबॉल संघाला मग अर्धा मोसम चपलांचे जोड मांडून काढावा लागे. दुसरा एखादा प्रशिक्षक रडत बसला असता. संघदीप इंगोले सरांनी त्यातून सोय काढली. समोर गोलच नसला की गोल मारायची हाव मरते, आणि हाव मेलेल्या माणसाला अडवायला शिकवणं सोपं जातं.

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास घेतला त्या दिवशी सर, नाही घेतला त्या दिवशी संघदीप. कानापाशी केस पांढरे झाले तरी तत्त्व काही सुटलं नव्हतं. तत्त्वाचं असंच असतं, ज्याला परवडत नाही त्याच्याच गळ्यात पडतं. नागपूरला जाऊन त्यांनी प्रशिक्षकाचा परवाना मिळवला होता आणि तो चौकटीत घालून घरात लावला होता. त्यांच्या बायकोने, रूपाने, त्याच खिळ्याला दळणाची पिशवी अडकवली होती. विचारलं तर म्हणाली, "दुसरा खिळा रिकामा नव्हता." दळण रोजचं होतं, परवाना तसा नव्हता.

शाळेच्या पाण्याच्या टाकीवर खडूने वर्तुळं आणि बाण काढून ते मुलींना खेळ समजावत. पहिली अडचण आली ती डावपेचांची नव्हती, खानदानाची होती. प्रत्येकीला पुढे खेळायचं होतं, आणि प्रत्येकीपेक्षा जास्त तिच्या घरच्यांना. राखी नावाच्या मुलीचे काका तर बुलेट मैदानात घालून सरांपर्यंत आले.

"सर, आमची राखी मांगं काहून उभी करता तुमी? आमच्या घरातलं आजवर कोनी मांगं उभं राह्यलं नाई."

"भाऊ, ते डिफेंडर हाये. राखन करते ते."

"राखनीले आमच्याकडे मानूस हाये. पोट्टीले कायले लावता?"

सरांनी त्याच संध्याकाळी राखीला कॅप्टन केलं. साधी पोरगी मागे उभी राहिली तर ती मागे राहिली असं होतं. कॅप्टन मागे उभी राहिली तर ती सगळ्यांवर नजर ठेवून आहे असं होतं. काका दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले.

राखण हा शब्द सरांच्या तोंडून उगाच आला नव्हता. लहानपणी त्यांनी जंगलाला लागून असलेल्या बापाच्या तुकड्यावर रोही हाकलले होते. रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं, वागणूक पुढाऱ्याची. खाते थोडं, तुडवते फार. रोह्याच्या मागे धावणारा माणूस स्वतःचंच पीक मोडतो. त्याच्यापुढे रेषेत उभं राहायचं असतं, दोघांमधली फट वाढू द्यायची नसते, आणि एकेक पाऊल सरकत त्याला धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या कडेकडे, लोटायचं असतं. धुऱ्यावर गेलेल्या रोह्याला एकच वाट उरते, ती बाहेरची. सरांनी हे सगळं जसंच्या तसं मैदानात आणलं. चेंडू समोरच्यांकडे गेला की ते रेषेबाहेरून "धुरा, धुरा" म्हणत, आणि त्यांच्या मुलींची रांग दोरी ओढल्यासारखी सरकत जाई. समोरची चांगली पळणारी पोरगी पळत पळत कडेला जायची आणि तिथे काय करावं हे न समजून चेंडू बाहेर घालवायची.

गोल होत नसत. इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

"सर, तुमच्या म्याचमंदी काहीच होत नाई," एकदा जगदेवराव जांभई देत म्हणाले.

"तेच तर शिकवून राह्यलो, साहेब," सर म्हणाले.

आता या रांगेच्या मागे जी उभी राहायची, ती पल्लवी. तिचा बाप रामधन कामरगाव ते कारंजा काळीपिवळी जीप चालवायचा. सुट्टीच्या दिवशी ती बापाबरोबर जायची. टपावरून गाठोडी, पिशव्या, सायकली, एकदा तर पाय बांधलेला बोकड खाली सोडला जायचा आणि खाली पल्लवी उभी असायची. तिच्या हातून काही पडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सरांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका म्हातारीचं लोणच्याच्या बरणीचं गाठोडं छातीशी घेऊन उभी होती. सरांनी तिथेच ठरवलं.

तिला शिकवायला फारसं लागलं नाही, फक्त पेनल्टीचं लागलं. पेनल्टी मारणारा माणूस डोळ्यांनी खोटं बोलतो, खांद्याने खोटं बोलतो, पण त्याचा दुसरा पाय, ज्यावर तो उभा राहणार असतो, तो पाय खोटं बोलत नाही. त्या पायाची बोटं जिकडे, चेंडू तिकडे. हे सरांना दिसायचं, पल्लवीला एवढ्या जवळून अजून दिसत नव्हतं. म्हणून दोघांचं ठरलं होतं. चेंडू तिच्या उजव्या हाताला येणार असला तर सरांनी उजवा कान खाजवायचा, डाव्या हाताला येणार असला तर डावा. पंचांना वाटायचं, या सरांना कानाचा काहीतरी त्रास आहे. एका सहृदय पंचाने त्यांना थेंबांची बाटलीही सुचवली होती.

त्या वर्षी हेडसर मोहनसिंग राठोड यांनी सरांना ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं. हेडसर भला माणूस. भल्या माणसासारखंच ते कोणतीही बातमी आधी चहा पाजून सांगत.

"इंगोले सर, खेळाच्या शिक्षकाची एक जागा पक्की होऊन राह्यली. अध्यक्षायचं तुमच्याबद्दल वाईट मत नाई."

"चांगलं हाये का?"

"वाईट नाई म्हनलं ना. आपल्या स्पर्धेच्या उद्घाटनाले साहेब येऊन राह्यले. त्यायच्या शब्दावर हाये सगळं. तेवढा कार्यक्रम नीट पार पाडा."

साहेब नेमके कोणत्या पदावर होते हे संघदीप सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची सोयही नव्हती. ज्याचं पद विचारावं लागत नाही, तोच साहेब. सरांना एवढंच ठाऊक होतं की पुढच्या वर्षी त्यांचं वय या जागेच्या पलीकडे गेलेलं असणार होतं. ही जागा गेली की परवाना कायमचा दळणाच्या पिशवीमागे.

घरी सांगितलं तर रूपा भाकरी उलटत म्हणाली, "तुमची टीम मांगं राह्यते, अन् तुमी बी. आता एकडाव त पुढं जा."

स्पर्धा जगदेवरावांच्या वडिलांच्या नावाने भरायची. वडिलांनी जन्मात चेंडू पाहिला नव्हता, पण चषक त्यांच्या नावाचा होता. उद्घाटनाची रीत ठरलेली होती. पाहुण्यांनी पेनल्टी मारायची, गोलकीपरने भलत्याच बाजूला लोळण घ्यायची, चेंडू जाळीत, फटाक्यांची लड, फोटो. जाळी व्हॉलीबॉलच्या दोन जाळ्या शिवून केलेली होती आणि ती उद्घाटनाला आवर्जून लावली जायची. आजवर एकाही पाहुण्याचा नेम चुकला नव्हता. या तालुक्याला एवढे अचूक खेळाडू लाभले असून ते सगळेच राजकारणात कसे गेले, याचं कोणालाही नवल वाटावं.

या वर्षी गोलमध्ये पल्लवी होती आणि तिचं हे पहिलंच उद्घाटन. तिला सांगायचं राहून गेलं. हेडसरांना वाटलं, सर सांगतील. सरांना वाटलं, ही काय सांगायची गोष्ट आहे. पाहुण्याला पहिला पाट, पहिला घास आणि पहिला गोल हे पोरीला आईच्या दुधाबरोबर कळत असणार, असं दोघांनीही धरलं.

साहेब दुपारी आले. पांढरा कुर्ता, पांढरे बूट, बुटांना अजून दुकानाचा वास. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. जगदेवराव म्हणाले की साहेबांमुळे फुटबॉल तळागाळात पोचला. साहेब म्हणाले की खेळात हार-जीत महत्त्वाची नसते. मग ते चेंडूकडे गेले. चेंडूला आधी हार घातला होता, तो काढला.

संघदीप सर पोस्टशेजारी उभे होते. एका हातात ताट, ताटात दुसरी शाल. त्यांचं लक्ष फटाकेवाल्याकडे होतं. साहेबांनी चार पावलं मागे घेतली, कुर्ता वर खोचला आणि धावत आले. साहेबांनी डावा पाय टेकला, आणि सरांना त्या पांढऱ्या बुटाचं टोक दिसलं.

पुढचं सगळं सवयीचं होतं. माणूस झोपेत डास मारतो तसा सरांचा रिकामा हात उठला आणि त्यांनी उजवा कान खाजवला.

पल्लवी उजवीकडे झेपावली. साहेबांचा फटका वाईट नव्हता, हे सरांनाही मान्य करावं लागलं. तिने चेंडू हवेत धरला, छातीशी घेतला, लोळली आणि उठून उभी राहिली. चेहरा असा, की बघा, लोणच्याची बरणी सहीसलामत आहे.

फटाकेवाल्याने लड पेटवून ठेवली होती. ती शांततेत वाजली. मग तीही संपली.

"वा वा," साहेब म्हणाले. हसले. त्यांच्यामागची सगळी माणसं त्यांच्याएवढंच हसली आणि त्यांच्याबरोबरच थांबली. जगदेवराव मात्र हसले नाहीत. ते सरांकडे पाहत होते.

"साहेब, फोटो नाई आला नीट," हेडसर मोहनसिंग पुढे झाले. भला माणूस असा कामाला येतो. "अजून एक होऊ द्या."

जगदेवराव सरांच्या कानाशी आले, त्याच उजव्या. "तुमची पोट्टी हाये ना? तुमीच पाहा."

सर ताट घेऊनच गोलमध्ये गेले.

"पल्लवी, या बारीनं सोड."

"काहून?"

"पाहुने हायेत."

पल्लवीने साहेबांकडे पाहिलं, मग सरांकडे. "मंग पयल्या बारीनं कान काहून खाजवला, सर?"

सरांनी ताटातली शाल सरळ केली. "सोडजो बेटा," ते म्हणाले आणि बाहेर आले.

साहेबांनी दुसरा चेंडू मारला. पल्लवी जागची हलली नाही. चेंडू पोस्टच्या बाहेरून गेला आणि चहाच्या पातेल्यापाशी थांबला. अडवण्यासारखं काही नव्हतंच, पण पाहणाऱ्यांना मात्र तिनेच काहीतरी केलं असावं असं वाटलं.

तिसऱ्या वेळी साहेबांनी सावध खेळ केला. गोलच्या मधोमध, हळू. पल्लवी सांगितल्याप्रमाणे बाजूला झाली, अगदी दारातून पाहुण्याला वाट द्यावी तशी. चेंडू गडगडत आला. मैदान काळ्या मातीचं, हिवाळा सरताच भेगाळलेलं. गोलरेषेच्या अलीकडे हातभर अंतरावर एक भेग होती, तिच्यात चेंडू टेकला आणि बसून राहिला.

वाऱ्याने जाईल म्हणून सगळे थांबले. वारा नव्हता.

फोटोग्राफरने डोळा कॅमेऱ्याला लावून ठेवला होता, तो तसाच. साहेब कमरेवर हात ठेवून उभे. पल्लवी चेंडूपाशी आली, वाकून भेगेत पाहिलं आणि विचारलं. मोठ्याने विचारलं नाही, पण निवेदकाने जवळ आणलेला माईक चालू होता आणि मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं.

"सर, मी ढकलू?"

संघदीप सरांनी जगदेवरावांकडे पाहिलं. जगदेवराव आकाशाकडे पाहत होते. हेडसर बुटाची लेस बांधत होते. त्यांच्या बुटाला लेस नव्हती. सरांना रूपाचं वाक्य आठवलं, भाकरीच्या वासासकट. त्यांनी मान हलवली. आडवी नाही, उभी.

पल्लवी वळली, गोलकडे पाठ केली आणि टाचेने चेंडू स्वतःच्याच जाळीत सारला. दुसरी लड वाजली. फोटो छान आला. त्यात साहेब दोन्ही हात वर करून उभे आहेत, आणि गोलकीपर कुठेतरी खाली पाहते आहे.

लगेच पहिला सामना होता, शिरपूरच्या शाळेशी. सुरू व्हायच्या आधी सर मुलींना गोळा करून धुऱ्याचं समजावू लागले. पल्लवी हातमोजे घालता घालता म्हणाली, "सर, समोरच्या टीममंदी कोन कोन पाहुने हायेत ते आताच सांगून ठेवा."

मुली हसल्या. सरही हसले. नाही हसले असते तर बरं झालं असतं.

सामना सरांच्या इतर सामन्यांसारखाच शून्य-शून्य गेला आणि पेनल्टीवर आला. सरांनी रेषेबाहेर जागा घेतली. शिरपूरची पहिली मुलगी आली, सरांनी बोटं पाहिली, डावा कान खाजवला. पल्लवीने सरांकडे पाहिलंच नाही. दुसरी आली, तिसरी आली. सर कान खाजवत राहिले. पल्लवी समोर पाहत राहिली आणि स्वतःच्या मनाने उडी घेत राहिली. एक अडवली. बाकीच्या ज्या बाजूला गेल्या, त्या बाजूचा सरांचा कान लाल झाला होता. शिरपूर जिंकलं. संघ पहिल्याच दिवशी स्पर्धेबाहेर गेला, तेव्हा साहेबांची गाडी केव्हाच निघून गेली होती.

सरांनी घरी जाऊन रूपाला सांगितलं, "संपलं."

रूपाने पिशवी काढून त्यांना दळण आणायला पाठवलं. थोडा वेळ परवाना दिसला.

मुलाखतीला जगदेवराव अध्यक्षस्थानी होते. आपल्याला आता काय ऐकवतात, याची तयारी करून सर बसले. पल्लवी नवीन होती, चूक माझी, असं काहीतरी त्यांनी जुळवून ठेवलं होतं. जगदेवरावांनी फुटबॉलचा एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी शिरपूरबरोबर काय झालं? सर म्हणाले, हरलो. "अस्सं," जगदेवराव म्हणाले, आणि पुढे सरकले.

"साहेबायचा फोन होता. म्हने, तो मास्तर कामाचा हाये. भरल्या मंडपात नुसती मान हलवली, अन् पोट्टीनं आपल्याच गोलात चेंडू घातला. म्हने, आजकाल घरचे ऐकत नाईत, ही शिस्त कुठं भेटते? अशा मानसाले पक्कं करा."

सर पक्के झाले. हेडसरांनी चहा पाजला, या वेळी बातमीनंतर. रूपाने परवान्यासाठी नवा खिळा ठोकला. तिला खरंच आनंद झाला होता, आणि तिच्या आनंदात काही खोटं नव्हतं, हे सरांना जास्त लागलं.

त्यानंतर सरांची कारकीर्द उभी राहिली. ती कशी उभी राहिली, हे सांगण्यासारखं आहे. एके दिवशी जऊळक्याच्या बाजूने एका संस्थाचालकाचा फोन आला. "इंगोले सर, आमच्याकडे उद्घाटन हाये. आमची गोलकीपर जरा जास्तच हुशार हाये. एखाद दिवस येऊन जाता का?" सर गेले. मग दुसऱ्याचा आला. सरांनी हे कामही मन लावून केलं, कारण मन न लावता त्यांना काहीच येत नव्हतं. गोलकीपरने फार आधी झेपावलं तर पाहुण्याला अपमान वाटतो, फार उशिरा झेपावलं तर चेंडू हाताला लागतो. मधली वेळ त्यांनी शोधून काढली. चेंडूच्या वाटेवर आदल्या दिवशी पाणी मारून रूळ फिरवायचा, म्हणजे भेग राहत नाही. चेंडूत हवा थोडी जास्त. पाहुण्याच्या पायाची बोटं पाहायची आणि पोरीला उलट्या बाजूचा कान दाखवायचा. एवढ्या बारकाईने गोल खाणं या जिल्ह्यात आधी कोणी शिकवलं नव्हतं. पत्रिकांवर त्यांच्या नावाआधी 'ज्येष्ठ मार्गदर्शक' छापून येऊ लागलं. धुऱ्याची रांग मात्र मोडली. राखी पुढे खेळायला गेली आणि काका पुन्हा पेढे घेऊन आले.

पल्लवी मैदानावर परत आली नाही. सरांनी दोनदा निरोप धाडला. पहिल्यांदा उत्तर आलं नाही, दुसऱ्यांदा रामधनच जीप थांबवून म्हणाला, "सर, ते नाई म्हन्ते. मी जबरदस्ती करत नाई. तुमचं ऐकत होती, त्याचं काय झालं ते पाह्यलंच." एवढं बोलून तो गिअर टाकून निघून गेला.

या हिवाळ्यात सरांना कारंज्याकडच्या एका उद्घाटनाला जायचं होतं. बस चुकली, म्हणून ते रामधनच्याच जीपमध्ये बसले. आत जागा नव्हती, म्हणून चेंडूंची मोठी पिशवी घेऊन टपावर. कारंज्याला जीप थांबली. रामधन पानठेल्याकडे गेला. टपावर सर आणि लोकांची गाठोडी. खाली, नेहमीच्या जागी, पल्लवी. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात, ओढणी कमरेला बांधलेली. तिने एक पोतं उतरवून घेतलं, एक सुटकेस घेतली, एका बाईची फुलझाडाची कुंडी घेतली. मग वर पाहिलं.

सरांनी पिशवी टपाच्या कडेपर्यंत आणली.

"पकडू का सोडू, सर?"

तिने अगदी सरळ विचारलं होतं. आवाजात टोमणा असता तर सरांनी तो सहन केला असता. टोमण्याची त्यांना सवय होती. त्यांचा हात पिशवीच्या दोरीवरून उठला आणि कानाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्यांनी तो परत आणला आणि दोरी धरली.

"पकड ना बेटा," ते म्हणाले.

तिने पकडली, एका हाताने, जमिनीला लागू न देता, आणि जीपच्या चाकाला टेकवून ठेवली. सर टपावरच बसून राहिले. खाली कोणीतरी बाई आपल्या डब्यासाठी कुरकुर करू लागली.

"सर, उतरा आता," पल्लवी म्हणाली. "दुसऱ्यायचं सामान हाये."